माहेरचं बाळंतपण आणि बाळाचा पासपोर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तिकडे जन्मलं म्हणजे पोर ब्रिटिशच की!’ हे वाक्य आमच्या भिशीत दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच. आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखातही तेच वाचलं, म्हणून हे पत्र. ही समजूत चाळीस वर्षांपूर्वीच शिळी झाली आहे. १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला, तेव्हापासून नुसता तिथला जन्म पुरत नाही. बाळ जन्मलं त्या दिवशी आईवडिलांपैकी एक तरी ब्रिटिश नागरिक हवा, किंवा त्याच्याकडे तिथे कायम राहण्याची परवानगी (लेकीच्या भाषेत ‘आयएलआर’) हवी.

माझी लेक इंग्लंडात रेडिंगला असते. नात २०१८ ची. तेव्हा लेक-जावई दोघं वर्क व्हिसावर होती. तिच्या जन्मदाखल्यावर रेडिंगचं नाव आहे, पण पासपोर्ट भारतीय. त्यासाठीसुद्धा वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात जन्मनोंद करावी लागली, तिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागलं.

२०२१ मध्ये त्यांना आयएलआर मिळाला आणि पुढच्या वर्षी लेकीला पुन्हा दिवस राहिले. पहिलं बाळंतपण तिकडेच झालं होतं, तेव्हा या खेपेला मी हट्ट धरला, नाशिकलाच ये. डिंक, अळीव आणूनही ठेवले. ती नाही म्हणाली. मी आठ दिवस फोनवर तुटक बोलले. तिचं म्हणणं नंतर जावयांनी समजावलं. आयएलआर असलेल्यांचं मूल तिथे जन्मलं तर जन्मतःच ब्रिटिश, नाशिकला जन्मलं तर नाही. आईवडिलांपैकी एक जण तिथे राहून ब्रिटिश नागरिक झालेला असता, तर नाशिकला जन्मूनही नातू ब्रिटिश झाला असता, पण ‘वंशाने’. अशा नागरिकाचं मूल पुढे ब्रिटनबाहेर जन्मलं तर त्याला ते नागरिकत्व आपोआप मिळत नाही. म्हणजे तसं असतं तर माझ्या हट्टापायी पणतवंडांपर्यंत घोळ! अळीव शेवटी शेजारणीच्या सुनेला दिले.

ब्रिटिश नागरिक म्हणून नातीची नोंदणी आता करता येते. आईवडिलांपैकी एकाला कायम परवानगी मिळाली की अठरा वर्षांच्या आत अर्ज करायचा. अडतं ते फीपाशी. पूर्वी ती १,०१२ पौंड होती, त्यात सरकारचा खरा खर्च होता ३७२. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने फी कायदेशीर ठरवली. पुढच्याच वर्षी ती १,२१४ झाली, म्हणजे तेव्हाचे आपले सव्वा लाख. ऐपत नसलेल्यांच्या मुलांना माफी आहे, पण त्यासाठी हलाखी कागदोपत्री दाखवावी लागते. शिवाय नोंदणी झाली की तिचा भारतीय पासपोर्ट जमा करायचा, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. लेकीचं अजून ठरत नाही.

तूर्त बहीण भारतीय, भाऊ ब्रिटिश. दोघांचे पासपोर्ट निळेच, त्यामुळे माझा दरवेळी गोंधळ होतो. नातीला गणपतीला आजीकडे यायला तेवढा पासपोर्ट पुरतो. तीन वर्षांच्या नातवाला मात्र व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) लागतं. त्याच्या कार्डावरच्या फोटोत तो भोकाड पसरण्याच्या बेतात आहे.

आपली,
एक आजी, नाशिक