दोन टक्क्यांत तीन खासदार, साडेचार टक्क्यांत भोपळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की छोट्या पक्षाला मत देणं म्हणजे मत समुद्रात टाकणं, कोकणी माणसाने दोन मोठ्यांपैकी एकाला काय ते निवडून द्यावं आणि मोकळं व्हावं. आता ते दोन मोठे कोण हे पण त्यांनी लिहायला पाहिजे होतं, कारण आमच्याकडे दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, भाजप, काँग्रेस असा सगळा पसारा आहे आणि कालचा उमेदवार आज कुठल्या बॅनरवर हसतोय ते बघायला एसटी स्टँडपर्यंत जावं लागतं. असो. मत वाया जातं हे खरंच आहे, पण त्यात मतदाराचा काय दोष, मोजायची पद्धतच तशी आहे, आणि हे दाखवायला मला एक असा पक्ष सापडलाय ज्याचं जवळजवळ एकही धोरण मला पटत नाही.

पक्ष आहे नेदरलँड्सचा. नाव स्टाटकुंडिग गेरेफॉर्मीर्ड पार्टाय, सगळे एसजीपी म्हणतात. कट्टर प्रोटेस्टंट लोकांचा, बायबलप्रमाणे राज्य चालावं असं उघड म्हणणारा पक्ष. गर्भपाताला विरोध, इच्छामरणाला विरोध, रविवारी दुकानं उघडी ठेवायला विरोध, रविवारी पक्षाची वेबसाइटसुद्धा बंद. स्थापना 24 एप्रिल 1918 ला, झीलंड प्रांतातल्या मिडलबर्ग गावात. हे मिडलबर्ग आम्हा वेंगुर्लेकरांना अगदीच परकं नाही बरं का, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मोठ्या कचेऱ्यांपैकी एक तिथे होती आणि त्याच कंपनीची सतराव्या शतकातली वखार आमच्या गावात झाडीत मोडकळीला येऊन उभी आहे. शाळेची पोरं आणि चुकून आलेले पर्यटक सोडले तर तिकडे कोण फिरकत नाही, तो विषय वेगळा, त्यावर परत कधीतरी लिहीन.

तर या पक्षाचा निवडणुकीचा इतिहास काय, 1918 ला शून्य, 1922 ला एक खासदार, 1925 ला दोन, 1929 ला तीन, आणि तेव्हापासून आजपर्यंत कधी दोन कधी तीन. बस. शंभर वर्षांत चारवर गेले नाहीत आणि एकवर परत आले नाहीत. आधी तिथलं खालचं सभागृह 100 जणांचं होतं, 1956 ला 150 चं झालं. मधे महायुद्ध झालं, देश जर्मनांच्या ताब्यात गेला, नंतर तरुण पिढीने चर्चला जाणं सोडलं, मोठमोठे ख्रिस्ती पक्ष शेवटी एकत्र होऊन एकच पक्ष झाले, पण ही मंडळी जागची हलली नाहीत. 2017, 2021, 2023 तिन्ही वेळा मतं दोन लाख पंधरा-वीस हजारांच्या घरात, म्हणजे दोन टक्के आणि वर थोडी. ऑक्टोबर 2025 ला परत तीन. एकदाही मंत्रिपद नाही. बास व्हान डर फ्लिस नावाचा एकच माणूस 1986 ते 2010 संसदेत पक्षाचा नेता होता, एवढ्या काळात आमच्याकडे एकेकाने किती घरं बदलली असती ते तुम्हीच मोजा.

हे जमतं कसं? तिथे 1918 पासून सगळा देश मिळून एकच मतदारसंघ धरतात. ज्या पक्षाला जितकी टक्के मतं तितक्या टक्के जागा. 150 जागा आहेत तर साधारण पाऊण टक्क्याच्या आत मतं मिळाली की एक खासदार, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास मतं. मग ती एका गावातली असोत नाहीतर देशभर विखुरलेली. माझा भाचा तिकडे नोकरीला असतो, त्याने सांगितलं की मतपत्रिका चादरीएवढी मोठी असते, सगळ्या पक्षांच्या सगळ्या उमेदवारांची नावं त्यावर, आणि आपल्या माणसाच्या नावापुढचा गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा. 2021 ला म्हणे 37 पक्ष उभे होते आणि 17 आत गेले.

आता आपल्याकडे बघा. 2019 च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीला राज्यात साडेचार टक्क्यांच्या वर मतं पडली, आमदार शून्य. त्याच निवडणुकीत एमआयएमला दीड टक्कासुद्धा नव्हता, आमदार दोन, कारण त्यांची मतं मालेगाव आणि धुळ्यात एकगठ्ठा होती. 2024 ला मनसेला दीड टक्क्याच्या आसपास, भोपळा. मी यातल्या कुणाचा कार्यकर्ता नाही, वंचितचा नाही, एमआयएमचा नाही, मनसेचा तर नाहीच. पण साडेचार टक्के म्हणजे काही लाख माणसं उन्हात रांगेत उभी राहिली आणि 288 जणांच्या सभागृहात त्यांच्या नावाने बोलायला एक माणूस गेला नाही, हे कुठल्या हिशोबात बसतं? एसजीपीचं गणित इथे लावलं तर दोन टक्क्याला पाच-सहा आमदार येतात.

कोकणाचा याच्याशी संबंध काय असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. आपल्याकडे लहान पक्ष जगलाच नाही असं थोडंच आहे. राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै 1957, 1962, 1967 असे तीनदा लोकसभेवर गेले, त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते 1971 पासून 1989 पर्यंत लागोपाठ पाच वेळा. समाजवाद्यांचा पक्ष देशात कधी फुटला कधी जुळला, नावं बदलत गेली, पण इथला माणूस त्या माणसाला मत देत राहिला. 1991 ला दंडवते पडले आणि तिथून समाजवाद्यांचा इथला जोर गेला तो गेलाच. म्हणजे पक्ष माणसावर उभा होता. तिकडे रायगडात शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, उभा राहिला तो अलिबाग-पेणच्या पट्ट्यावर, एका तालुक्यात मतं घट्ट असली की आमची पद्धत लहान पक्षाला जगू देते, पट्टा सैल झाला की संपलं. 2024 ला शेकापचा जो एक आमदार आला तो सांगोल्याचा, रायगडातून कोणी नाही. शेजारी गोव्यात युनायटेड गोअन्सचं तेच झालं, ख्रिस्ती मतदारांचा मोठा आधार असलेला पक्ष, 1963 ला 12 आणि 1967 ला परत 12 जागा, गोवा महाराष्ट्रात विलीन होऊ नये म्हणून जनमत कौलाचा लढा जिंकला, आणि 1977 येईपर्यंत नावालासुद्धा उरला नाही. एसजीपीला तालुका लागत नाही आणि करिष्मावाला पुढारीही लागत नाही. त्यांच्या शाळा आहेत, चर्च आहेत, 1971 पासून त्यांच्या विचाराचा एक रोजचा पेपर आहे, आणि मोजणी अशी की एकही मत गळत नाही.

आता माझा खरा मुद्दा. पालघर, मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सगळ्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छिमार आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकर आहे, गिलनेटवाला आहे, छोट्या होडीवाला आहे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात तो थोडा थोडा, कुठेच बहुमतात नाही. पर्ससीनचा, म्हणजे अख्खा थवा घेरून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा प्रश्न घ्या, एलईडी लाइट लावून रात्री मासळी ओढून नेणाऱ्या बोटींचा प्रश्न घ्या, किती वर्षं आंदोलनं चाललीत, मालवणला काय, रत्नागिरीला काय, कायदे झाले, आदेश निघाले, गस्तीच्या बोटी आल्या असं ऐकलं, आणि रात्री समुद्रात बघितलं तर लाइटची जत्रा. निवडणूक आली की प्रत्येक पक्षाचा माणूस जेटीवर येतो, मासळीचा हार घालून घेतो, फोटो काढतो. पण उद्या या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला तर सगळीकडे डिपॉझिट जप्त, कारण एक षष्ठांश मतं कुठेच मिळायची नाहीत. आणि मग नाक्यावर आपलेच लोक म्हणणार, "मत कित्याक फुकट घालवतस?" डच पद्धत असती तर पालघरचं एक मत आणि वेंगुर्ल्याचं एक मत एकाच टोपलीत पडलं असतं. तिथे उर्क म्हणून मच्छिमारांचं गाव आहे, पूर्वी बेट होतं, कट्टर धार्मिक, रविवारी त्यांच्या बोटी बंदरातून हलत नाहीत. अशा गावांची तक्रार मांडायला संसदेत एसजीपीची दोन-तीन माणसं कायम बसलेली असतात.

आणि दोन-तीन माणसं काय करू शकतात म्हणाल तर केर्स्टनची गोष्ट ऐका. गेरिट हेन्ड्रिक केर्स्टन हे पक्षाचे संस्थापक, पाद्री. व्हॅटिकनमध्ये डच सरकारचा राजदूत कशाला हवा, पोपशी आपला काय संबंध, म्हणून त्याचा खर्चच बजेटमधून काढून टाका अशी दुरुस्ती ते दर वर्षी मांडायचे आणि दर वर्षी ती पडायची. 11 नोव्हेंबर 1925 च्या रात्री विरोधकांनी आणि सरकारातल्याच एका प्रोटेस्टंट पक्षाने तिला मत दिलं, दुरुस्ती पास झाली, कॅथलिक मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि पंतप्रधान कोलाइन यांचं सरकार पडलं. दोन खासदारांच्या पक्षाने! नवीन सरकार यायला 1926 चा मार्च उजाडला. आमच्या ओळखीतल्या मालवणच्या एका कॅथलिक मास्तरांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, अरे म्हणजे ख्रिस्ती पक्षानेच ख्रिस्ती सरकार पाडलं की, आणि बराच वेळ हसत बसले. केर्स्टनचं पुढे काही चांगलं झालं नाही, युद्धातल्या वागणुकीमुळे 1945 नंतर त्यांना सभागृहात परत घेतलं नाही. पण 2011 ला असाच प्रसंग परत आला, वरच्या सभागृहात 75 पैकी सरकारकडे आणि त्याला बाहेरून टेकू देणाऱ्यांकडे मिळून 37 आणि एसजीपीचा एक, की झाले बहुमताचे 38. त्या एका माणसाला तेव्हा काय भाव आला असेल!

आता यांचं मी कौतुक करतोय असं कुणी समजू नये. बायकांच्या बाबतीत हा पक्ष लाज वाटावी असा वागलाय. 1918 ला निघाले तेच बायकांच्या मताधिकाराला विरोध करत. पक्षाचं पूर्ण सभासदत्व बायकांना मिळालं 2006 ला, तेही कोर्टाने सरकारी अनुदानावर बोट ठेवल्यावर. उमेदवारी तरी नाहीच. 2010 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, 2012 ला पक्ष स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टात गेला तर तिथेही दाद लागली नाही, मग 2013 ला नियम बदलला आणि 2014 ला व्लिसिंगन शहरात लिलियन यान्से ही त्यांची पहिली नगरसेविका निवडून आली. आजवर खालच्या सभागृहात त्यांची एकही बाई गेलेली नाही. आमच्याकडे निदान पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा हे बरेच ठिकाणी चालतं ते सोडा. पण मला वाटतं की असले विचार असलेली दोन टक्के माणसं जर देशात आहेत तर ती सभागृहात समोर दिसलेली बरी, तिथे त्यांना उत्तर देता येतं, कोर्टात खेचता येतं. आणि गंमत अशी की देवाचं राज्य मागणारे हे लोक संसदेचे नियम पाळण्यात सगळ्यात काटेकोर म्हणून ओळखले जातात.

या पद्धतीत गोंधळ पण आहे, लपवत नाही. 2021 च्या निवडणुकीनंतर तिथे सरकार बनायला 299 दिवस लागले. आपल्याकडे 2019 ला महिनाभर सरकार नव्हतं तर टीव्हीवाल्यांनी डोकं उठवलं होतं आणि पहाटेचा शपथविधी पण बघावा लागला होता. पण आपल्याला एकदम डच व्हायची गरज नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेतल्या आमदारांकडून निवडल्या जाणाऱ्या जागा आपण प्रमाणशीर पद्धतीनेच भरतो, म्हणजे आमदारांच्या मताला ही सोय आहे, तुमच्या-माझ्या मताला नाही. विधी आयोगाने 1999 ला 170 व्या अहवालात लोकसभेत काही जागा वाढवून त्या पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भराव्यात असं सुचवलं होतं, म्हणजे मतदारसंघाचा खासदारही राहतो आणि विखुरलेल्या माणसाचंही मत धरलं जातं. तो अहवाल कुठल्या कपाटात आहे हे आमच्या खासदारांनी विचारायला हरकत नाही, निवेदनं देऊन फोटो काढण्यापेक्षा ते काम जास्त आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जो तक्ता छापता त्यात चार-पाच पक्षांची नावं असतात आणि शेवटच्या रकान्यात "इतर". या इतरमध्ये कोण, त्यांना कोकणात किती मतं पडली, किती टक्के, काही कळत नाही. जिल्हा परिषदेला आमच्या भागात अपक्ष म्हणून उभ्या राहिलेल्या एका मच्छिमार सोसायटीच्या माणसाला किती मतं पडली ते शोधायला मला तहसील कार्यालयात जावं लागलं आणि तिथल्या क्लार्कने आधी विचारलं, तुम्ही त्याचे कोण? पुढच्या वेळी निदान कोकणच्या आवृत्तीत तरी प्रत्येक उमेदवाराची आणि प्रत्येक पक्षाची मतं टक्क्यांसकट छापा, एक जाहिरात कमी घेतली तर जागा निघेल.

आपला,
एक नेहमीचा वाचक, वेंगुर्ला