घोडं कोणत्या खात्यात येतं?

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातला दूध घालणारा शेतकरी. दावणीला चार म्हशी आणि दोन गाई आहेत. म्हैस अडली की फोन केल्यापासून तासाभरात डॉक्टर गोठ्यात असतात, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. त्याबद्दल आपल्या खात्याचे आभार आधीच मानून ठेवतो, कारण पुढं सगळं रडगाणंच आहे.

गेल्या आषाढात, पाऊस चार दिवस सलग लागलेला असताना, आमच्या उसाच्या बांधालगत एक शिंगरू पडलेलं दिसलं. पहिल्यांदा वाटलं, मेलंय. जवळ गेलो तर एक कान हलला. कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. म्हणजे पंचकल्याणी घोडी. घोड्यातल्या माणसांना सांगायला नको, पण आपल्याला सांगतो की असं जनावर सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात उभं केलं तर भाव ऐकून आपण खिशात हात घालणार नाही. मग हिला टाकलं कुणी? उत्तर आमच्या आईने दिलं. तिचे वडील वाईला टांगा हाकायचे. तिने शिंगराचं तोंड वळवलं, डाव्या डोळ्याखालचा भोवरा दाखवला आणि म्हणाली, "आसूढाळ हाय. हिला लग्नाच्या वरातीत कोण न्हेणार?" आसू ओघळतात तिथला भोवरा अशुभ मानतात. केसांचा एक भोवरा, तोही अर्ध्या रुपयाएवढा. शिवाय पावसाळा, म्हणजे लग्नं नाहीत, पर्यटक नाहीत, कमाई नाही आणि चंदीचा, म्हणजे दाण्याचा, खर्च मात्र रोजचा.

अंगावर हाडं मोजता येत होती. मागच्या डाव्या पायात पछाडीची, म्हणजे मागचे पाय बांधायची, नायलॉनची दोरी मांसात रुतलेली, वर सूज, आत किडे. नाकातून पिवळा शेंबूड, हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी. ताप एकशे चार.

दवाखान्यातून डॉक्टर आले. तरुण, नम्र, हुशार मुलगा. त्याने स्टेथोस्कोप डाव्या कुशीला लावला, थोडा वेळ ऐकलं, मग माझ्याकडं बघून खरं ते बोलला, "काका, कॉलेजनंतर मी घोड्याला दुसऱ्यांदा हात लावतोय." त्याचा मला राग आला नाही, उलट हायसं वाटलं. माहीत नसताना सुई टोचणारेही बघितलेत मी. त्याने मला त्याच्या कॉलेजच्या एका निवृत्त सरांचा नंबर दिला आणि स्वतः शेजारी उभा राहून व्हिडिओ कॉल लावला. त्या सरांचं पहिलं वाक्य होतं, "उजव्या कुशीलाही ऐक, आंधळं आतडं तिथं असतं." दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं, "पाटील, समोर ते घमेलं कशाचं आहे?"

घमेल्यात भिजवलेला हरभरा आणि गूळ होता. गावानं प्रेमानं आणलेला. उपाशी जनावर दिसलं की आपला हात आधी चंदीकडं जातो. सर म्हणाले, हे पोटभर घातलं तर तीन-चार दिवसांत घोडी मरू शकते आणि तुम्ही म्हणाल, खाऊन-पिऊन चांगली होती, अचानक गेली. बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याच्या पोटात दाणा-गूळ गेला की रक्तात इन्सुलिन उसळतं, अंगात उरलंसुरलं फॉस्फरस नि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. घोड्याला उलटीही करता येत नाही. गेलं ते गेलं. हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि मी जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस आहे.

मग खायला काय? लसूण घास. तोही दर चार तासांनी, तराजूत तोलून पाव किलो. रात्री दहाला, दोनला, सकाळी सहाला. पाव किलो घास म्हणजे म्हशीच्या एका घासाला पुरणार नाही एवढा. ती पाटी चाटून संपवायची आणि माझ्याकडं बघत राहायची. मंत्रिमहोदय, भुकेल्या जनावरासमोरून पाटी उचलणं किती अवघड असतं, ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. चौथ्या दिवसापासून मूठमूठ वाढवत दहाव्या दिवशी पोटभर वैरणीवर आणली. दाणा जवळजवळ महिन्याने दिला.

पण त्याआधी तिला उभं करायचं होतं. "घोडं बसलं की संपलं," आई दर तासाला ऐकवत होती, आणि त्यात तथ्य आहे. गाय तीन दिवस बसून राहिली तरी आशा असते. घोडं एका कुशीवर पडून राहिलं की खालचे स्नायू मरायला लागतात, फुप्फुसात पाणी धरतं. आम्ही गव्हाच्या काडाची पोती खाली घातली आणि दर तीन तासांनी चौघांनी मिळून कूस बदलली. उचलायला साधन नव्हतं. जिल्ह्यात कुठं घोडं उचलायचा झोळा मिळेल का, म्हणून सात ठिकाणी फोन केले. शेवटी विहिरी खोदणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची यारी, म्हणजे क्रेन, आणली, पोटाखालून रुंद कापडी पट्टे घेतले, मध्ये आईच्या दोन जुन्या गोधड्या, आणि दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं, तिला लटकवून पाय जमिनीला टेकवले. पहिल्या दिवशी पाय नुसते लोंबत होते. पाचव्या दिवशी पुढच्या दोन पायांनी भार घेतला. नवव्या दिवशी पहाटे दोनच्या पाटीला गेलो तर ती गोठ्याच्या कुडाला अंग टेकून आपली आपण उभी होती. गुडघे लटलट कापत होते. मला बघून फुरफुरली. मी पाटी तिथंच ठेवून आईला उठवायला गेलो.

त्याच सुमारास हनुवटीखालची गाठ फुटली आणि वाटीभर पू आला. पोरवयातल्या घोड्यांना होणारा, एकाचा दुसऱ्याला लागणारा आजार. पण नाकातला शेंबूड बघून सरांना पहिल्या दिवसापासून दुसरीच शंका होती, ग्लँडर्सची. हा रोग माणसालाही होतो, त्यावर घोड्याला उपचार देत नाहीत, चाचणी पक्की निघाली तर कायद्याने जनावर मारावं लागतं. २००६ साली पुण्या-पाचगणीकडं तो आला होता, हे आपल्या खात्याच्या जुन्या माणसांना आठवत असेल. तिच्या रक्ताचा नमुना हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं गेला. निकाल येईपर्यंत अकरा दिवस मी हातमोजे आणि मास्क लावून घास भरवत होतो, नातवाला गोठ्याकडं फिरकू देत नव्हतो, आणि मनात येत होतं की हिला उभी करतोय ती मारायलाच की काय. निकाल चांगला आला. हिसारला नमुना जातो ही व्यवस्था आहे, चांगली आहे. पण नाक वाहणारं घोडं दिसल्यावर पहिल्या तासात काय करायचं, बादली वेगळी ठेवायची, कुणाला जवळ जाऊ द्यायचं नाही, हे सांगणारा एकही कागद तालुक्यात मला सापडला नाही. लाळ्या-खुरकुताची पत्रकं मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तीन लागलीत.

आणि धनुर्वात. पाळीव जनावरांत धनुर्वाताचा सगळ्यात मोठा धोका घोड्याला. पायात सडकी जखम, चिखल, लीद, म्हणजे आमंत्रणच. धनुर्वाताचं सिरम, म्हणजे तो रोखणारं इंजेक्शन, आमच्या बाजूच्या एकाही दवाखान्यात नव्हतं. पुण्यातून एका भाच्याने बर्फाच्या थर्मासात घालून स्वारगेटला एसटीच्या कंडक्टरकडं दिलं आणि मी स्टँडवर दोन तास उभा राहून ते उतरवून घेतलं. कंडक्टरने विचारलं, "पेशंट कोण?" म्हटलं, घोडी. तो हसला, पण थर्मास सांभाळून आणला होता बिचाऱ्याने. मांडीवर.

आता यातली गंमत बघा. गेल्या गळिताला आमच्या फडात ऊसतोड करणाऱ्या एका गड्याला घोणस चावली. ग्रामीण रुग्णालयात त्याला सर्पदंशाचं इंजेक्शन दिलं, वाचला. ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही सापांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की ती काढून घ्यायची. पिंपरीला हाफकिनमध्ये हेच काम वर्षानुवर्षं चालत आलंय. आणि धनुर्वाताचं ते सिरम? तेही घोड्याच्याच रक्ताचं. म्हणजे माणसांना वाचवायला महाराष्ट्राला घोडा चालतो. घोडा आजारी पडला की तो हौसेचा, श्रीमंतांचा, नाहीतर नाचवणाऱ्यांचा.

हौसेचा म्हणावा तर आकडे काही वेगळंच सांगतात. २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती. २०१९च्या विसाव्या गणनेत तीन लाख चाळीस हजार. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांवर घट. उरलेली आहेत ती बहुतेक गरिबाच्या दारात: वरातीची, टांग्याची, माथेरानच्या लाल मातीत माणसं वाहणारी. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्याला पासपोर्ट असतो, कातडीखाली मायक्रोचिप असते, आईबापाची नोंद स्टडबुकात असते. माझ्या म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. या शिंगराच्या अंगावर त्या आसूढाळीशिवाय कसलीही खूण नव्हती, म्हणून मालक सापडला नाही.

सापडला असता तरी काय? पोलिसात विचारून आलो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा, आणि जनावराला असं टाकून देण्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड दहा ते पन्नास रुपये. लसूण घासाच्या दोन पेंढ्यांची किंमत. हवालदार भला माणूस, त्याने वर सांगितलं, "तक्रार दिलीत तर ती मुद्देमाल होईल, मग कोर्टाच्या आदेशाशिवाय तुम्हाला हलवता येणार नाही." मी हात जोडून घरी आलो. तो दंड केंद्राचा विषय आहे, आपल्या हातात नाही, हे मला समजतं.

आपल्या हातात आहे तेवढंच मागतो. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट घेतले. पैदाशीच्या उद्योगाला पन्नास टक्के अनुदान, पन्नास लाखांपर्यंत. आपल्या भीमथडी घोड्यालाही जात म्हणून मान्यता मिळाली. आनंद आहे, मराठ्यांच्या ज्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं त्यांचं नाव कागदावर आलं. पण पैदास वाढवायची आणि जन्मलेलं आजारी पडलं तर तालुक्यात त्याला हात लावणारं कुणी नाही, हा कसला हिशोब? निदान प्रत्येक जिल्ह्याच्या पशुसर्वचिकित्सालयात घोडं उचलायचा एक झोळा ठेवा, धनुर्वाताचं सिरम आणि लस फ्रीजमध्ये ठेवा, आणि जिथं घोडी जास्त आहेत त्या तालुक्यांतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना घोड्यांचं पंधरा दिवसांचं शिक्षण द्या. आमचा तो तरुण डॉक्टर पहिला नाव नोंदवेल, मी त्याला विचारून लिहितोय. आणि सारंगखेड्यासारख्या मोठ्या बाजारात विक्रीची पावती फाडतात, तिथंच चिप बसवून टाका. मग आषाढात बांधावर घोडी टाकताना माणूस चारदा विचार करेल. पन्नास रुपयांना तो भीत नाही, पण नाव निघण्याला भितो.

याहून जास्त मागण्या माझ्याकडं आहेत, पण आई म्हणते, सरकारकडं मागताना तोंड लहान ठेवावं.

घोडीचं नाव नातवाने आसावरी ठेवलं. आसूढाळीवरून मी नुसतं "आसू" म्हणत होतो, ते आईने चालू दिलं नाही. टेलरच्या टेपने छातीचा घेर मोजतो, आषाढात एकशे बारा सेंटिमीटर होता, आता एकशे छत्तीस आहे. पायाची जखम भरली, तिथं केस पांढरे आलेत. म्हशींच्या मागं मागं चरायला जाते आणि म्हशींना तिचा वैताग आहे. दोघेजण वरातीसाठी विचारून गेले, डोळ्याखालचा भोवरा बघून एकाने तर भावही पाडला. तीन वर्षांची होईपर्यंत तिच्या पाठीवर कुणी बसायचं नाही, असं सरांनी सांगितलंय, त्यामुळं बोलणं तिथंच थांबलं.

पुढच्या महिन्यात धनुर्वाताचा वर्षाचा डोस आहे. दवाखान्यात विचारलं, अजून आलेला नाही. भाच्याला सांगून ठेवलंय, स्वारगेटवरून सकाळी साडेसहाच्या गाडीने थर्मास येईल. त्याआधी आपल्याकडून काही हालचाल झाली तर कळवावं, म्हणजे मी स्टँडवर जाणार नाही.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक दूध उत्पादक