शेरूच्या नखांसाठी

प्रिय सुधीर,

तुझ्या कुत्र्याची, शेरूची नखं घरीच कापायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. कुठलं कटर घेऊ असं विचारलंयस, तर सरळ सांगतो: पकडीसारखं, दोन वाकड्या पात्यांचं क्लिपर घे, आणि शेरूच्या अंगाला शोभेल असं दणकट घे. लहान क्लिपरने जाड नख एका दाबात तुटत नाही, मग जोर लावावा लागतो आणि तेवढ्यात तो पाय ओढून घेतो.

भोकात नख घालून पातं सरकवायचं असतं ते गिलोटीन क्लिपरही मिळतं. छोट्या कुत्र्यांना ते ठीक आहे, पण आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख गोल वळलेलं असेल तर त्या भोकात घालणं अवघड. आणि हे नख विसरू नकोस हं! ते जमिनीला घासतच नाही, त्यामुळे वाढत वाढत कातडीत रुततं.

सगळ्यात जास्त बघायचं ते धारेकडे. बोथट पातं नख कापत नाही, चिरडतं. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, मज्जातंतू असतात. रक्ताचा थेंब न येताही नुसत्या दाबाने कुत्र्याला दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी तो पंजा हातात द्यायला तयार होत नाही, आणि त्याचा काय दोष? म्हणून धार गेली की क्लिपर बदल, तिथे काटकसर नको. आपलं नेलकटरही नको. कुत्र्याचं गोलसर नख त्यात दाबलं जाऊन उभं चिरतं.

काही क्लिपरना जास्त कापलं जाऊ नये म्हणून मागे छोटी पट्टी असते. तिच्यावर भरवसा ठेवू नकोस, तिला आतला जिवंत भाग दिसत नाही. शेरूची नखं काळी, म्हणजे तुलाही बाहेरून दिसणार नाही. एक-दोन मिलिमीटरचेच काप काढ आणि दर वेळी कापलेली बाजू समोरून बघ. आधी कोरडं, पांढरट दिसेल. मधोमध गडद ठिपका उमटला की तिथेच थांब.

ग्राइंडरने, म्हणजे नख घासायच्या छोट्या यंत्राने, कडा छान गुळगुळीत होतात, पण नख तापतं. दोन-तीन सेकंद टेकवून उचलायचं, बोटांमधले लांब केस बाजूला धरायचे, नाहीतर ते गुंडाळले जातात. आधी काही दिवस नुसता चालू करून आवाजाची सवय लाव, सोबत खाऊ दे. मी म्हणेन, हे नंतर घे.

रक्त थांबवायची पावडर मात्र क्लिपरबरोबरच आण. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धर. रक्त थांबेचना तर डॉक्टरांकडेच ने.

वहिनींच्या मांजरीला हे क्लिपर लावू नका. तिला कात्रीसारखं छोटं घ्या, बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. टोकाचा पारदर्शक आकडाच कापायचा.

शेरूची नखं फार वाढली असतील तर एका दिवसात आखूड करू नकोस. दर आठवड्याला थोडी कापलीस की आतला जिवंत भागही हळूहळू मागे सरकतो. त्याच्या पंजाचा बाजूने काढलेला फोटो पाठव, अंगठ्याचं नख किती वळलंय ते बघून कळवतो.

तुझा,
अविनाश