आबांची गोफण पाठव

पंढरपूर

प्रिय दिन्या,

पाच महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. रागव, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

परवा नववीच्या चाचणीत प्रश्न घातला. मुलगी 400 मीटरच्या धावपट्टीची एक फेरी 100 सेकंदांत मारते, निघाली तिथंच येऊन थांबते. सरासरी चाल आणि सरासरी वेग काढा. एका पोरीनं दोन्हीकडे 'सेकंदाला 4 मीटर' लिहिलं. वेगाचा गुण मी कापला. विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून थांबल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर दिशेसकट, ते शून्य, म्हणून वेग शून्य. पेपर घेऊन ती टेबलापाशी आली, "सर, एवढं पळून वेग शून्य कसा?" क्षणाक्षणाला तिला वेग होताच, शून्य येतो तो अख्ख्या फेरीचा सरासरी, एवढं तरी सांगायचं! मी नुसती व्याख्या म्हणून दाखवली. ती गप जागेवर जाऊन बसली.

आणि तू आठवलास. नववीत तुझाही हाच गुण गेला होता, अन् मी आठवडाभर तुला 'शून्यवेग' म्हणून हाका मारल्या. तू भांडलास ते बरोबर होतं रे. आपल्याकडे वेग म्हणजे किती जोरात, एवढंच. रस्त्यावर पाटी 'वेगमर्यादा', पेपरात वाऱ्याचा वेग ताशी इतका. गाडीचा काटा दाखवतो ती खरं तर चाल. गाडी सोलापूरला निघाली की साताऱ्याला, हे त्याला ठाऊक नसतं. आणि 'चाल' म्हटलं की पोरांना बैलाची आठवते, नाहीतर अभंगाची. घरातला शब्द उचलायचा, त्यात गुपचूप दिशा भरायची आणि वर गुण कापायचा! दोन रात्री झोप नाही.

बरं, फरक सोडूनही चालत नाही. चंद्र जवळपास एकाच चालीनं फिरतो, सेकंदाला साधारण 1 किलोमीटर. वेग मात्र सारखा बदलतो, कारण दिशा बदलते. ती दिशा वळवते पृथ्वीची ओढ. दिशा सुटली की हे सगळंच सुटलं.

मग आबांची गोफण डोळ्यांपुढं आली. शाळू राखताना माळ्यावर उभं राहून ते फिरवायचे. दगडाची चाल तीच, तरी हाताला केवढी ओढ! ती ओढच दगडाला वळवत असते. दोरी सुटली की त्या क्षणी दगडाचं तोंड जिकडं, तिकडं तो सरळ स्पर्शिकेनं जातो. आक्काचा रांजण फुटला तो तू दोरी उशिरा सोडलीस म्हणून. तू अजून म्हणतोस, वारं होतं. नव्हतं.

वैनींचा गुडघा कसा आहे? धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं आईकडून कळलं, फार आनंद झाला.

गोफण असेल तर एसटीनं पाठव. शनिवारी त्या पोरीला मैदानावर चिंध्यांचा चेंडू घालून फिरवायला देणार आहे. आधी तिच्या हाताला ओढ लागू दे, मग गुणाचं तिच्याशीच बोलतो. पट्टा उसवला असला तरी चालेल, मी शिवून घेईन.

तुझा,
विल्या