वैमानिक भरतीतला भेदभाव नेमका कुठे आहे?

महोदय,

वॉशिंग्टनजवळ २९ जानेवारी २०२५ रोजी प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची हवेत टक्कर होऊन ६७ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी, चौकशीचा एकही निष्कर्ष हाती नसताना, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी वैविध्य धोरणाकडे, म्हणजे महिला, कृष्णवर्णीय अशा घटकांना नोकरीत वाव देण्याच्या धोरणाकडे, बोट दाखवले. ‘तिकडे रंग बघून वैमानिक घेतात’ असे संदेश आपल्याकडेही मोबाइलवर फिरतात. ते परवान्याची पद्धत ठाऊक नसल्याने खरे वाटतात.

अमेरिकेत एअरलाइनमध्ये सहवैमानिक म्हणून बसायलाही एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) हा सर्वांत वरचा वैमानिक परवाना लागतो. त्यासाठी वय २३ आणि उड्डाणाचे १५०० तास. लष्करातून आलेल्यांना ७५० आणि मान्यताप्राप्त विमानविद्या पदवीधरांना १००० तासांवर, २१व्या वर्षी, मर्यादित परवाना मिळतो. वंशासाठी कसलीही सवलत नाही. लेखी परीक्षेआधी ३० तासांचा वर्ग व १० तास सिम्युलेटर, मग प्रात्यक्षिक परीक्षा, त्या-त्या विमानाचे टाइप रेटिंग (तेच मॉडेल उडवण्याची वेगळी मान्यता) आणि शेवटी तपासनीस कॅप्टनच्या नजरेखाली प्रत्यक्ष सेवेतली उड्डाणे. प्रात्यक्षिकात नापास झाल्याची नोंद पायलट रेकॉर्ड्स डेटाबेस या सरकारी नोंदसंग्रहात राहते आणि नोकरी देण्याआधी ती पाहणे कंपनीवर बंधनकारक आहे.

युनायटेड एअरलाइन्सने २०२१मध्ये जाहीर केले की २०३०पर्यंत आपल्या अकादमीतून ५००० वैमानिक घडवू आणि त्यांतले निम्मे तरी महिला वा गौरेतर असतील. टीका झाली ती याच आकड्यावर. पण हा प्रवेश फ्लाइंग स्कूलचा होता, कॉकपिटचा नव्हे. पुढच्या सगळ्या परीक्षा त्यांनाही इतरांसारख्याच.

रंग बघून निवड पूर्वी खरोखरच होत असे. मार्लन ग्रीन हे हवाई दलातले कृष्णवर्णीय वैमानिक, तीन हजारांहून अधिक तासांचा अनुभव. १९५७मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या अर्जात त्यांनी वंशाचा रकाना कोरा सोडला, म्हणून उड्डाण चाचणीचे बोलावणे आले. नोकरी मात्र त्यांच्यापेक्षा कमी तासांच्या गोऱ्यांना मिळाली. १९६३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ग्रीन यांची बाजू उचलून धरली. प्रत्यक्ष रुजू व्हायला १९६५ उजाडले.

आज तसा रकाना अडवत नाही, तरी तिथले दहापैकी नऊ वैमानिक गोरेच आहेत. अडवतो तो पैसा. शून्यापासून प्रशिक्षकाच्या परवान्यापर्यंत एक लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो. पदवी न देणाऱ्या फ्लाइंग स्कूलसाठी सरकारी विद्यार्थी कर्ज सहसा मिळत नाही, आणि खासगी कर्जाला चांगली पत असलेला जामीनदार लागतो. पिढ्यान्‌पिढ्या घर-मालमत्तेपासून दूर ठेवलेल्या समाजातल्या मुलाने तो आणायचा कुठून? कमर्शियल, म्हणजे पैसे घेऊन उड्डाण करण्याचा, परवाना २५० तासांच्या सुमारास मिळतो. पुढचे १२५० तास बहुतेक जण तुटपुंज्या पगारावर प्रशिक्षक म्हणून भरतात, तोवर हप्ते सुरू झालेले असतात. मध्येच पैसे संपून दोन महिने खंड पडला तर बसलेला हात जातो, तेच धडे पुन्हा घ्यावे लागतात, तास वाढतात आणि बिलही. सोडणारे बहुधा इथे सोडतात, परीक्षेत नव्हे. इतका काळ थांबायला लावणारी ही १५०० तासांची अट २००९मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळ झालेल्या विमान अपघातानंतर आली. त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास त्याहून जास्त होते, हे मुद्दाम सांगायला हवे.

भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगात पाचच्या आसपास. त्यासाठी इथे कमर्शियल परवान्याची २०० तासांची अट कुणालाही शिथिल केलेली नाही. पण गोंदिया, बारामतीच्या प्रशिक्षण संस्थांपर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न आपलाही आहे. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. ज्याच्या घरी सातबारा नाही, तो बारावीला भौतिकशास्त्र-गणितात कितीही हुशार असो, तिथेच थांबतो. राज्य सरकारने अशा मुलांच्या कर्जाला हमी द्यावी आणि रक्कम एकदम न देता झालेल्या उड्डाण तासांनुसार संस्थेला द्यावी. त्याने प्रशिक्षण पैशाअभावी खंडित होणार नाही, आणि संस्था बंद पडली तरी उरलेली रक्कम बुडणार नाही.

— एक उड्डाण प्रशिक्षक, नागपूर