आधी लग्न की आधी व्हिसा?

संपादक महोदय,

आमची मुलगी टोरांटोत, कॅनडाची सिटिझन, जावई बफेलोचा अमेरिकन, मध्ये गाडीने दोनेक तास, म्हणून सगळे म्हणाले जाऊ दे टुरिस्ट म्हणून, तिथेच लग्न करून राहील. अहो, राहायचं ठरवून बॉर्डरवर 'फिरायला आले' सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आयुष्यभर नडू शकतं! के-वन फियान्से व्हिसावर (लग्न ठरलेल्यांसाठीचा) गेलं तर ९० दिवसांत लग्न, मग ग्रीन कार्डचा वेगळा अर्ज, वेगळी फी, नि वर्क परमिट येईपर्यंत घरी बसा (आमची कार्टी बसतेय होय!). शेवटी टोरांटोतच लग्न उरकलं आणि स्पाऊस व्हिसा घेतला, तोवर दर वीकेंडला पूल ओलांडून भेटी. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती म्हणून कार्डही दोनच वर्षांचं मिळालं, त्यामुळे पुढचं कार्ड मिळवायला लग्न खरं असल्याचे पुरावे म्हणून आता जॉइंट अकाउंट, भाड्याच्या पावत्या, फोटो सगळं फाइलला लावणं चालू आहे.

— एक वाचक, ठाणे