आमच्या आळीत दारोदार फिरणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण यात नाव तुमचंही नाही आणि माझंही नाही. पांढरकवड्याकडे, नागपूर-हैदराबाद हायवेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांत एचआयव्हीच्या कामासाठी पायपीट करणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यांतल्या कोणालाही हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर वाटू द्या. आभार सगळ्यांचेच आहेत. पण तुम्ही ओळखालच.

गावात काही लपत नाही. कोणाच्या चुलीवर काय शिजलं, तेही बोरिंगवर पाणी भरताना कळतं. अशा गावात तुम्ही माझी गोष्ट कधी फुटू दिली नाही. मला भेटायचं असलं की तुम्ही आळीच्या पहिल्या घरापासून सुरू करत होत्या. प्रत्येक अंगणात बसायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, सुनांना रक्तवाढीच्या गोळ्या खाता का विचारायचं, मग पुढचं घर. माझ्या घरीही तेवढंच बसणं, तेच बोलणं. फक्त निघताना, चपला घालता घालता हळूच, "गोळी चुकली नाही ना?" त्या एका प्रश्नासाठी तुम्ही भर एप्रिलच्या उन्हात अख्खी आळी फिरत होत्या. हे मला पुष्कळ उशिरा समजलं, आणि समजलं त्या दिवशी खूप रडले.

गरोदरपणाच्या तपासणीत माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा समुपदेशक मॅडम सगळं नीट सांगत होत्या, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. बाहेर बाकावर तुम्ही शेजारी येऊन बसल्या. "मले बी हायेच. पाह्य माह्याकडे, मेली का मी?" एवढंच बोलल्या. पुढे कधीतरी तुमच्या घरच्यांचं सांगितलंत. सरकारी दवाखान्यांत या गोळ्या फुकट मिळायला 1 एप्रिल 2004 पासून सुरुवात झाली, तीही आधी मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी. तुमचे घरचे त्याच्या आधीच गेले. मी आज रात्री जेवून एक गोळी घेते, तिच्यात तीन औषधं असतात, आणि सकाळी वावरात जाते. तुमच्या नवऱ्याला जे मिळालं नाही ते मला मिळावं म्हणून तुम्ही धडपडत राहिल्या. याचे आभार कोणत्या शब्दांत मानतात, मला माहीत नाही.

लेकीच्या वेळचं तर विसरणंच शक्य नाही. काहीच उपचार नसले तर अशा आयांच्या शंभरातल्या 15 ते 45 लेकरांना लागण होऊ शकते. औषधं वेळेवर घेतली तर पाचाच्या आत, हे तुम्ही बोटं मोजून समजावलं होतं. तिला जन्मल्याबरोबर लागण टाळणारं नेविरापिनचं औषध सुरू झालं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं बजावलेलं. आणि इकडे सासूबाई सहाणेवर घुटी उगाळून तयार! मी काय सांगणार होते त्यांना? तुम्ही अंगणवाडीत सगळ्या सासवांची बैठक लावली. घुटी, मध, ग्राइपवॉटर काही नको, आईचं दूध पुरतं, दोन तास हाच विषय. आजाराचा 'आ' नाही. सासूबाई घरी आल्या त्या दुसऱ्यांना शिकवायच्या तयारीनेच! सहाण उचलून कोपऱ्यात ठेवली.

दीड महिन्यांची असताना तिच्या टाचेतून रक्त घेतलं. आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे तयार करतं आणि साधी चाचणी जे शोधते त्याचा, अंश बाळात बरेच महिने राहतो, म्हणून शेवटचा निकाल 18 महिन्यांनी. तोवरची प्रत्येक तारीख तुमच्या वहीत होती. निगेटिव्ह आला तेव्हा माझ्याआधी तुम्हीच डोळे पुसले. आता अंगणवाडीत जाते, भलती बडबडी झाली आहे.

आमच्या ह्यांचं श्रेय मात्र तुमच्या सोबतच्या दादांना. बायकोच्या सांगण्याने ट्रकवाला माणूस तपासणीला जात नाही. दादा स्वतः ट्रक चालवलेले, ढाब्यावर त्यांच्याजवळ बसून बोलले. पानठेल्यात निरोधची पाकिटं ठेवायची सोयही त्यांचीच. शिबिरात बोटाच्या थेंबावर होते ती फक्त पहिली चाचणी. काही आढळलं तर केंद्रावर वेगवेगळ्या चाचण्या करूनच निदान पक्कं करतात, हे ऐकल्यावर ह्यांचा हात पुढे आला. आज दोघांच्याही रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडत नाही. गोळ्या चालू आणि विषाणू असा दबलेला असला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे मी आमच्या गावातल्या भिंतीवर रंगवून घेईन, जमलं तर.

आणखी एक. एका दवाखान्यात माझ्या फाईलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि चारचौघांत मोठ्याने वाचलंही होतं. मी मान खाली घालून उभी. तुम्ही आवाज न चढवता एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा सांगितलात: रुग्णाच्या संमतीशिवाय हे असं उघड करता येत नाही, आणि भेदभाव तर नाहीच. फाईल बदलून मिळाली. त्या दिवसापासून मी मान खाली घातलेली नाही.

दिवाळीनंतर कापसाचे जिनिंग कारखाने सुरू होतील, बाहेरगावचे मजूर येतील. मागच्या हंगामात तुम्हाला आत शिरायला अडचण आली होती. तिथल्या दोन मुकादमांच्या घरच्या बाया आमच्या बचत गटात आहेत. मी बोलून ठेवलंय. तारीख कळवा, मी सोबत येते.

तुमची,
आळीतलीच एक